बांबूचे बेट आणि रचनाकाराची दृष्टी

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो अवर्षणप्रवण प्रदेश, ज्वारीची राने आणि प्रवरेच्या काठचा ऊस. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा अकोले तालुका या चित्रात सहसा बसत नाही. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या कुशीत वसलेल्या या भागात पाऊस धो धो कोसळतो. महादेव कोळी व ठाकर समाजाची गावे डोंगरउतारांवर विखुरलेली आहेत. त्यांच्या बांधावर, ओढ्याकाठी आणि घरामागे बांबूची बेटे उभी असतात. घराचे आढे, कुडाचा आधार, भात ठेवण्याची कणगी, सूप, रोवळी, कोंबड्यांचे डालगे हे सर्व त्या बेटातून निघत आले. आज कणगीची जागा पत्र्याच्या कोठीने आणि टोपलीची जागा प्लास्टिकच्या घमेल्याने घेतली आहे. घरातला वापर असा आटला की बेटाचे दोनच मार्ग उरतात : ते दुर्लक्षित होऊन गुंतून जाते, किंवा व्यापाऱ्याला सरसकट तोडून दिले जाते.

हा प्रश्न केवळ अकोल्याचा नाही. राज्यात जेथे जेथे बांबू आहे, तेथे तो आहे. त्याचे एक विचारपूर्वक शोधलेले उत्तर विदर्भात मिळते. नागपूरचे वास्तुरचनाकार विनू काळे यांचे चिंतन आणि मेळघाटातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभे केलेले संपूर्ण बांबू केंद्र यांतून ते उत्तर घडले. ते समजून घेण्यापूर्वी बांबू ही वनस्पती आणि तिच्या वाट्याला आलेला कायदा, या दोन गोष्टी पाहणे अगत्याचे आहे.

बांबू हे झाड नव्हे, ते गवत आहे. जमिनीखालचा कंद पसरत जातो आणि पावसाळ्यात त्यावरून नवे कोंब फुटतात. कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी कायमची ठरलेली असते. अवघ्या दोन ते चार महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो, आणि पुढे उंचीही वाढत नाही व घेरही वाढत नाही. वाढते ती केवळ पक्वता. पहिल्या वर्षीचा बांबू हिरवागार व रसरशीत दिसला तरी आतून कच्चा असतो. कामाला योग्य असा तो तीन-चार वर्षांनी होतो. शिवाय नव्या कोंबांचे पोषण मुख्यतः शेजारच्या कोवळ्या बांबूंच्या बळावर होते. म्हणून तीन वर्षांवरील बांबू काढावा, एक-दोन वर्षांचे राखावेत आणि कोंब फुटण्याच्या काळात बेटाला हात लावू नये, हा नियम आहे. या पद्धतीने तोडले तर बेट दाटी न होता वाढते. सरसकट तोडले तर पुढील वर्षांचे बांबू बारीक निघतात आणि कंद हळूहळू दुबळा होतो. जाणती माणसे हे पूर्वीपासून ओळखून आहेत. अडचण ज्ञानाची नाही. एक-एक बांबू निवडून काढण्यात मजुरी जास्त लागते आणि व्यापारी तर सगळ्या बांबूला एकच भाव देतो. अशा वेळी निवड करण्याचे कष्ट कोण घेणार?

सह्याद्रीच्याच दक्षिण भागात, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, या संदर्भात एक उद्बोधक प्रसंग घडला. १९७० च्या दशकात तेथील कागद गिरणीमुळे बांबू संपत चालल्याची ओरड झाली, तेव्हा परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी त्याचा अभ्यास केला. बेटाची वाढ सुधारावी म्हणून त्याच्या बुंध्याशी असलेले काटेरी जाळे साफ करण्याची पद्धत तेथे होती. हे जाळेच कोवळ्या कोंबांचे गुरांपासून आणि रानटी जनावरांपासून रक्षण करते, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. अभ्यासाअंती गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. काटे काढलेल्या बेटांतले कोंब खाल्ले जात होते. गिरणीला हा बांबू १९५० च्या दशकातील करारानुसार टनाला दीड रुपया अशा दराने मिळत होता. बाजारातून बांबू घेणाऱ्या बुरुडाला मात्र त्याच्या कित्येक पटींनी किंमत मोजावी लागे. ज्या वस्तूची किंमत टनाला दीड रुपया, तिचे कोंब गुरांनी खाल्ले काय आणि राखले काय, हिशेबात काहीच फरक पडत नव्हता. वस्तू मातीमोलाने मिळाली की ती जपण्याची गरज कोणालाच भासत नाही, हे या उदाहरणातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

कायद्याची बाजूही अशीच विचित्र होती. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचा समावेश करण्यात आला होता. गवताला वृक्ष ठरविल्याचा परिणाम असा की, त्याच्या तोडणीला व वाहतुकीला लाकडासारखे निर्बंध लागू झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात स्थान दिले आणि गौण वनोपज गोळा करणे, वापरणे व विकणे हा वननिवासींचा हक्क मानला. तरी तो हक्क कागदावरून प्रत्यक्षात उतरण्यास काही वर्षे लागली. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला मात्र २७ एप्रिल २०११ चा दिवस उजाडावा लागला. पुढे २०१७ मध्ये १९२७ च्या अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. बांधावर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याच्या मार्गातील मोठा अडसर त्यामुळे दूर झाला.

हक्क मिळाला, वाहतूक मोकळी झाली. परंतु बांबू लांब काठीच्या रूपातच विकायचा असेल तर उत्पन्न वाढविण्यासाठी जास्त काठ्या तोडाव्या लागतात. रचनाकाराचे काम येथून सुरू होते. एका बांबूतून जास्त कमाई झाली तर तितक्याच पैशांसाठी कमी बांबू तोडावे लागतील. हे गणित तसे सोपे आहे. त्यासाठी बांबूचा स्वभाव, कारागिराचा हात आणि ग्राहकाची गरज या तिन्हींची जाण एकाच माणसात असावी लागते, आणि अशी माणसे आपल्याकडे फार थोडी निपजली.

विनू काळे हे त्यांपैकी एक. शिक्षणाने वास्तुरचनाकार असलेल्या या गृहस्थांनी नागपुरात राहून बांबू हा आपल्या व्यवसायाचा व अभ्यासाचा विषय केला. त्यांचा ‘वेणु भारती’ हा बांबूविषयीचा सर्वंकष ग्रंथ नागपूरच्या अपरूप निर्माण या संस्थेने २००० मध्ये प्रसिद्ध केला. वास्तुरचनाकार मंडळींना तोपर्यंत बांबू म्हणजे इमारतीच्या बांधकामाभोवती उभारायची परांची एवढाच परिचय होता. काळ्यांची दृष्टी वेगळी होती. बांबू हे गरिबाचे लाकूड नसून स्वतःचे शास्त्र असलेले स्वतंत्र साहित्य आहे, आणि त्याचा जाणकार महाविद्यालयातला पदवीधर नसून बुरूड आहे, अशी त्यांची भूमिका होती.

या भूमिकेमागे भौतिक कारणे आहेत. बांबूचे तंतू उभे असतात आणि बाहेरच्या सालीकडे ते दाट होत जातात. म्हणून ताण सोसण्यात तो बळकट आहे, पण उभा चिरण्यात अगदी दुबळा. सुताराच्या सवयीने त्यात खिळा ठोकला की तो तडकतो. लाकडाच्या खुर्चीचा नकाशा घेऊन बांबूची खुर्ची करू गेल्यास ती डगमगणारच. त्याला भोक पाडून बांबूचीच खुंटी बसवावी, सांधा बांधावा, पेराचा आधार घ्यावा. आपल्या जंगलातला मानवेल जवळजवळ भरीव असतो, तर काटस जाड आणि पोकळ. कोकणातला माणगा सरळ वाढतो व त्याला काटे नसतात. एकाला जे जमेल ते दुसऱ्याला जमेलच असे नाही. कोणत्या जातीतून, कितव्या वर्षी काढलेल्या बांबूतून, बुंध्याकडच्या की शेंड्याकडच्या भागातून कोणती वस्तू करावी, हे ठरविणे म्हणजे रचना. वस्तूवर शेवटी नक्षी काढणे म्हणजे रचना, असा जो समज रूढ आहे तो या व्यवसायाला मारक ठरला आहे. सरकारी प्रदर्शनांतून वर्षानुवर्षे मांडली जाणारी बांबूची जहाजे आणि पेनदाण्या पाहिल्या की या समजाची प्रचीती येते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील एम. पी. रंजन, नीलम अय्यर व घनश्याम पंड्या यांनी ईशान्य भारतातील गावोगावच्या वेत व बांबूच्या वस्तूंची मोजमापे घेऊन, बांधणीची चित्रे काढून केलेला ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका साध्या टोपलीचा चौकोनी तळ गोल काठाकडे कसा वळतो, याची अशी बारकाईने नोंद त्यापूर्वी क्वचितच झाली असेल. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. ए. जी. राव यांनी बांबूसाठी स्वतंत्र कार्यशाळा चालविली. काळे, रंजन, राव या मंडळींनी वेगवेगळ्या ठिकाणी राहून एकच गोष्ट केली. कारागिराला जे हाताने येते ते त्यांनी आधी कागदावर आणले आणि मगच त्यात भर घालण्याचा अधिकार घेतला.

विचाराला कृतीची जोड मिळाली ती मेळघाटात. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यात कोरकू वस्तीचा हा प्रदेश. व्याघ्र प्रकल्पाने त्याचे नाव देशभर झाले, आणि कुपोषणाने ते वर्तमानपत्रांतून सतत येत राहिले. काळ्यांच्या विचाराने प्रेरित झालेले सुनील देशपांडे आणि त्यांच्या पत्नी निरुपमा यांनी १९९७ च्या सुमारास लवादा या लहानशा गावी मुक्काम ठोकून संपूर्ण बांबू केंद्र सुरू केले. कोरकू तरुणांना बांबूचे काम शिकवावे, त्यांनी केलेल्या वस्तू विकाव्यात आणि कारागिरांची स्वतःची सहकारी संस्था असावी, अशी त्यांची मांडणी होती. ‘संपूर्ण’ हा शब्द नावात विचारपूर्वक घातलेला दिसतो. रोपापासून घरापर्यंतची साखळी एकाच आवारात असावी, असा तो आग्रह.

केंद्राने बांबूची घरे बांधली, फर्निचर केले, दिवे केले. परंतु या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी वस्तू राखी ही होय. बांबूच्या पातळ कामट्यांपासून कोरकू कारागिरांनी केलेल्या राख्या शहरांत गेल्या, परदेशांतही गेल्या. राखीला बांबू किती लागतो? एका पेरातून कितीतरी राख्या निघतात. येथे किंमत मिळते ती बोटांच्या कौशल्याची, वजनाची नव्हे. हाच बांबू ट्रकमध्ये भरून पाठविला असता तर नगावर विकला गेला असता. राखीच्या रूपाने त्याच्या एका तुकड्याने गावातल्या एका माणसाला काही दिवसांचे काम दिले. प्लास्टिक व चमकीच्या राखीची जागा त्याने घेतली, हा आणखी एक लाभ. अर्थात राखी वर्षातून एकदाच विकली जाते. उरलेल्या अकरा महिन्यांचे काय, हा प्रश्न केंद्राला सुटला असे म्हणता येणार नाही. म्हणूनच घरे व फर्निचर यांकडे वळावे लागले. २०२१ मध्ये करोनाच्या साथीत सुनील देशपांडे यांचे निधन झाले. जंगलातल्या गावी उभारलेले काम एका माणसाच्या उत्साहावर किती अवलंबून असते आणि त्याच्यापश्चात ते टिकण्यासाठी संस्थेची घडी किती पक्की लागते, याचा विचार अशा वेळी मनात आल्यावाचून राहत नाही.

हाच मार्ग परदेशातही चोखाळला गेला आहे. इंडोनेशियात मध्य जावातील कंदांगन या खेड्यातले सिंगिह कार्तोनो हे बांडुंगच्या तंत्रशिक्षण संस्थेतून वस्तुरचनेचे शिक्षण घेऊन गावी परतले आणि त्यांनी लाकडाचे लहान रेडिओ करावयास घेतले. रेडिओला लाकूड अत्यल्प लागते, कष्ट मात्र पुष्कळ. त्यामुळे थोड्या झाडांवर अनेक कुटुंबांना काम मिळाले, आणि तोडीपेक्षा अधिक रोपे लावणे परवडले. पुढे त्यांनी बांबूची सायकल केली. जावा आणि मेळघाट यांत कोणी कोणाचे अनुकरण केलेले नाही, तरी दोघांचे गणित एकच निघाले.

आता अडचणींविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण बांबूविषयी उत्साहाने बोलणारे पुष्कळ असतात. बांबूचा पहिला शत्रू घुण. कांडात साठलेल्या पिष्टावर ही कीड जगते आणि आतून पोखरून पिठासारखा भुसा पाडते. प्रस्तुत लेखकाने एका ग्रामपंचायतीत मोठ्या हौसेने घेतलेल्या बांबूच्या खुर्च्या वर्षभरात निकामी झालेल्या पाहिल्या आहेत. बसणाऱ्याच्या कपड्यांना पिवळा भुसा लागे. त्या गावात पुन्हा कोणी बांबूचे नाव काढील असे वाटत नाही. पिष्ट कमी असताना, म्हणजे पावसाळा संपल्यावर पक्व बांबू तोडावा, तो काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा, ही जुनी रीत आहे. बोरिक आम्ल व टाकणखार यांच्या द्रावणाची प्रक्रिया ही नवी रीत असून ती अधिक भरवशाची आहे. तिच्यासाठी हौद लागतो, प्रमाण मोजावे लागते आणि थोडा धीर लागतो. एकटा कारागीर हौद बांधू शकत नाही. पाच-सहा गावे मिळून बांधू शकतात.

दुसरी अडचण कार्यालयात बसलेली आहे. बांबूचे बांधकाम ‘कच्चे’ असा शेरा पूर्वीपासून चालत आला. वस्तुतः भारतीय मानक ब्यूरोने बांबूच्या संरचनात्मक अभिकल्पासाठी २०१२ मध्ये आयएस १५९१२ हे मानक प्रसिद्ध केले आणि राष्ट्रीय इमारत संहितेतही बांबूसाठी स्वतंत्र विभाग आहे. कोलंबियाचे वास्तुरचनाकार सिमोन वेलेझ यांनी बांबूच्या सांध्यातील पोकळ पेरात सिमेंटचा मसाला भरून बोल्ट बसविण्याची युक्ती रूढ केली आणि २००० सालच्या हॅनोव्हर येथील जागतिक प्रदर्शनात बांबूचे भव्य दालन उभे केले. जर्मनीत जे चालले ते आपल्या तालुक्यात का चालू नये, असे म्हणणे सोपे. परंतु जोवर शाखा अभियंत्याच्या हाती बाबनिहाय दर आणि नमुना नकाशा नाही, तोवर तो अंदाजपत्रकावर सही करणार नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नकाशा पुरविणे हे रचनाकारांचे काम आहे आणि दर ठरविणे शासनाचे. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आहे, आणि कोकणात कुडाळ येथे ‘कोनबॅक’ ही संस्था २००४ पासून माणग्याच्या बांबूवर इमारती व फर्निचर करीत आली आहे. पाहून यावे अशी ठिकाणे राज्यात आहेत.

अकोल्याकडे परत वळू. तालुक्याचा डोंगराळ भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, त्यामुळे तेथील ग्रामसभेला गौण वनोपजाबाबत १९९६ च्या पेसा कायद्याचाही आधार आहे. राजूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीतील गावांनी मात्र वनातील तोडीपूर्वी वनविभागाशी बोलून नियम नीट समजून घेतले पाहिजेत. मालकीच्या बांधावरील बेटांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. पर्यटक भंडारदऱ्याला दर पावसाळ्यात गर्दी करतात आणि रिकाम्या हातांनी परततात, कारण तेथल्या माणसाने केलेली, पिशवीत मावणारी, घुण न लागणारी वस्तू त्यांच्यापुढे फारशी येत नाही.

प्रारंभासाठी मोठा निधी लागत नाही. शाळेतील मुलांनी आपल्या गावातील बेटांची मोजणी करावी, कोणता बांबू कितव्या वर्षाचा हे घरातील वडीलधाऱ्यांकडून ओळखायला शिकावे आणि बांबूवर रंगाची खूण करावी : या वर्षीच्या कोंबाला एक रंग, गतवर्षीच्याला दुसरा. तीन वर्षांत कोणता बांबू काढायचा हे लहान मूलही दुरून सांगू शकेल. शिक्षकांनी गावातील शिल्लक राहिलेल्या कारागिराला शाळेत बोलवावे आणि तो कणगी विणत असताना कोणीतरी वहीत मोजमापे घ्यावीत. कणगी विणणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. ही नोंद झाल्याखेरीज पुढे येणाऱ्या रचनाकाराला आरंभ करण्यास काही उरणार नाही. ग्रामपंचायतीने प्रक्रियेच्या हौदाची जागा ओढ्याजवळ निश्चित करून ठेवावी. परंतु वापरलेले द्रावण पाण्यात मिसळणार नाही, इतक्या अंतरावर.